नाटकाच्या संज्ञा फेकून द्या म्हणताय, मग नाटकावर बोलायचं कसं?

सध्या एक वाद परत परत वर येतोय, की नाटक शिकवताना ते अंक, प्रवेश, स्वगत, संघर्ष, उत्कर्षबिंदू वगैरे शिकवण्यात काही अर्थ आहे का. एका बाजूचे म्हणतात नाटक ही अनुभवायची गोष्ट, व्याख्यांनी तिचा जीव जातो, सरळ नाटक बघा आणि मनात येईल ते बोला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात पाया पक्का नको का, नाटकाचे घटक माहीत नाहीत आणि निघाले नाटक लिहायला. हा वाद वाचताना मला खरंच त्रास होतो, कारण भांडणारे दोघंही एक गोष्ट न बोलता गृहीत धरून चाललेत, की संज्ञा म्हणजे नियम. एकाला तो पाळून घ्यायचाय, दुसऱ्याला मोडायचाय. माझं म्हणणं असं की नाटकातली जवळपास प्रत्येक संज्ञा कुणाच्या तरी अडचणीतून आलीये. समोर जिवंत माणसं बसलीयेत, वेळ ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि यातच गोष्ट घडवून दाखवायचीये, या कामात जी अडचण आली तिच्यावर कुणीतरी तोडगा काढला आणि पुढच्याला सांगता यावा म्हणून त्याला नाव दिलं. ती अडचण न सांगता नुसतं नाव पाठ करून घेतलं तर ते फुकटच जातं, हे मान्य. पण म्हणून नावच टाकून दिलं तर पुढच्या माणसाला तो तोडगा पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

एकच अडचण घेऊ. पडदा उघडला, दोन माणसं दिसतायत, प्रेक्षकाला यांच्याबद्दल काहीच माहीत नाही. कादंबरीकार दोन पानं खर्चून मागची हकिगत सांगून टाकतो, नाटकाला ती सोय नाही, जे सांगायचं ते कुणीतरी कुणाला तरी बोलूनच सांगावं लागतं. पण ही दोन माणसं एकमेकांना ओळखतात, मग ती एकमेकांना आधीच माहीत असलेलं का सांगतील? नवख्या नाटकांमध्ये हमखास येतो तो संवाद आठवा, 'तुला तर माहितीच आहे, बाबा जाऊन तीन वर्षं झाली'. अरे तिला माहितीये तर सांगतोस कशाला! प्रेक्षकाला तिथेच कळतं की हे आपल्यासाठी चाललंय आणि नाटकावरचा विश्वास उडतो. आता बघा यावर किती लोकांनी किती तऱ्हेने डोकं लावलंय. ग्रीकांनी कोरस उभा केला, गावातले वृद्ध किंवा बायका, जे गाऊन मागचं सगळं सांगू शकतात. संस्कृत नाटकाने सूत्रधार आणला, प्रस्तावना आणली, आणि दोन अंकांमध्ये जे घडून गेलं ते कळवायला विष्कंभक आणि प्रवेशक अशा दोन वेगळ्या सोयी केल्या. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन नाटकात पडदा उघडला की नोकरमाणसं फर्निचर पुसत मालकांबद्दल बोलायची. आणि नॉर्वेच्या इब्सेनने 'अ डॉल्स हाऊस' या नाटकात, हे 1879 चं, काय केलं तर बऱ्याच वर्षांनी भेटणारी जुनी मैत्रीण नायिकेच्या, म्हणजे नोराच्या, घरी आणली. आता नोराला सगळं सांगायला खरं कारण आहे. शिवाय मैत्रिणीने तिला 'तुला आयुष्यात काही सोसावंच लागलं नाही' अशा अर्थाचं डिवचलंय, म्हणून नोरा तावातावाने आपलं कर्जाचं गुपित बोलून जाते. म्हणजे माहिती तर कळलीच, पण नोराचा स्वभावही कळला आणि पुढच्या संकटाचं बीही पडलं, एकाच बैठकीत! आता ज्याला ही अडचण काय आहे आणि तिचं नाव काय आहे (इंग्रजीत एक्स्पोझिशन म्हणतात) हे माहीत आहे त्याला इब्सेनने केलेलं दिसेल. बाकीच्यांना दोन बायका गप्पा मारताना दिसतील.

विष्कंभक हा शब्द ऐकला की मुलं जांभया देतात म्हणे. देणारच, कारण त्यांना सांगितलं जातं की 'होऊन गेलेल्या व पुढे होणाऱ्या घटनांची सूचना देणारा तो विष्कंभक', बस. त्याऐवजी शाकुंतलाचा चौथा अंक उघडून दाखवा ना. अंक सुरू व्हायच्या आधी शकुंतलेच्या दोघी मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा, फुलं वेचतायत आणि बोलतायत की राजा राजधानीत गेला, आता याला हिची आठवण राहील का. तेवढ्यात पडद्यामागून आवाज येतो. दुर्वास दारात आलेत, शकुंतला स्वतःच्या विचारात हरवलीये, तिचं लक्ष नाही, आणि तिकडेच, आतल्या आत, शाप देऊन होतो. प्रेक्षकाला दुर्वास दिसतच नाहीत. शकुंतलेला शाप ऐकूच जात नाही. मग एक मैत्रीण धावत जाते, विनवण्या करते, ओळखीची खूण दिसली की शाप सुटेल एवढं कसंबसं पदरात पाडून घेते, आणि दोघी ठरवतात की हे शकुंतलेला सांगायचं नाही. सगळ्या नाटकाला वळण देणारी घटना कालिदासाने मुख्य अंकात न ठेवता या छोट्याशा जोडप्रवेशात आणि तीही पडद्यामागे घडवलीये. का? महाभारतात हा शाप नाहीये, तिथल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो नाकारतो. शाप आणि अंगठी ही कालिदासाची भर. आणि ती त्याने अशा जागी ठेवली की पाचव्या अंकात भर दरबारात राजा ओळख नाकारतो तेव्हा राजाला माहीत नाही, शकुंतलेला माहीत नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या प्रवेशात जी घालमेल होते ती या माहितीच्या वाटपातून होते. शापाचा प्रसंग शकुंतलेसमोर घडवला असता तर पाचवा अंक उभाच राहिला नसता. हे बघितल्यावर विष्कंभक या शब्दाचा कुणाला कंटाळा येईल?

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा, तो टाळून चालणार नाही. संज्ञांचा चाबूक होतो. होतो, आणि इतिहास त्याची साक्ष देतो. 1637 मध्ये फ्रान्समध्ये कोर्नेई या नाटककाराचं 'ल सिद' हे नाटक आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि पंडितांनी त्याच्यामागे ससेमिरा लावला की हे नियमात बसत नाही. स्थळ, काळ, कृती या तिन्हींची एकता पाहिजे, चोवीस तासांच्या आत सगळं आटपलं पाहिजे. कोर्नेईने बिचाऱ्याने ते सांभाळायला एका दिवसात द्वंद्व, रात्रीतून एक अख्खी लढाई आणि परत द्वंद्व एवढं सगळं कोंबलं होतं, तर मग म्हणे एवढं एका दिवसात होणं शक्य वाटत नाही, आणि बापाला मारणाऱ्याशी लग्नाला नायिका तयार होते हे शोभत नाही. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने त्यावर निवाडा दिला. कोर्नेई त्यानंतर 1640 पर्यंत नवं नाटक घेऊन आला नाही. एवढ्या ताकदीच्या लेखकाला व्याख्यांनी गप्प बसवलं, हे वाचून राग येतोच, मलाही येतो.

पण जरा खोलात जाऊन बघा की दोष कुणाचा होता. त्या तीन एकता ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवल्या गेल्या. ॲरिस्टॉटलने आग्रह धरला तो फक्त कृतीच्या एकतेचा, म्हणजे गोष्ट एकसंध हवी, सुरुवात, मध्य, शेवट हवा. काळाबद्दल त्याने एवढंच नोंदवलं की शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेरीत आटपायला बघते, हे निरीक्षण झालं, हुकूम नाही. स्थळाबद्दल तर त्याने असा काही नियम सांगितलेलाच नाही. आणि ज्या ग्रीक नाटकांवरून हे सगळं काढलं त्यातल्या एस्किलसच्या 'युमेनिडीज'मध्ये नाटक डेल्फीत सुरू होतं आणि मधेच अथेन्सला जातं. तिन्हींचा कडक नियम बांधला तो 1570 मध्ये कास्तेलव्हेत्रो या इटालियन टीकाकाराने, म्हणजे ॲरिस्टॉटलनंतर जवळपास एकोणीसशे वर्षांनी. तर कोर्नेईवर जो चाबूक चालला तो संज्ञा नीट माहीत असलेल्यांनी चालवला असं कसं म्हणायचं? त्या काळात चार लोकांनी उभं राहून सांगायला पाहिजे होतं की बाबांनो, मूळ शब्द कशासाठी होता ते बघा, आणि ते सांगायला संज्ञा पुसट माहीत असून भागत नाही, चांगली माहीत असावी लागते. अज्ञानाने दंडेली थांबल्याचं उदाहरण मला तरी इतिहासात सापडलेलं नाही.

अंकाचंच घ्या. नाटकाला पाच अंक असतात म्हणून शेक्सपिअरने पाच अंकी नाटकं लिहिली असं बरेच जण समजतात. त्याच्या हयातीत सुटी छापली गेलेली बरीचशी नाटकं बघितली तर त्यात अंकांची विभागणीच नाहीये. उघड्या छताच्या नाट्यगृहात दिवसाउजेडी नाटक न थांबता चालायचं, एक प्रवेश संपला की पात्रं एका बाजूने जायची, दुसरी दुसऱ्या बाजूने यायची. त्याची मंडळी 1609 च्या सुमारास ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाट्यगृहात खेळ करायला लागली आणि तिथे उजेड मेणबत्त्यांचा, त्यांच्या वाती मधेमधे कापायला लागतात, म्हणून थांबायला लागायचं, थांबायचंच आहे तर संगीत वाजवा, आणि थांबायचंच आहे तर गोष्ट अशा ठिकाणी थांबवा की लोक हलणार नाहीत. आज आपण प्रत्येक प्रवेशावर 'किल्ल्यातील दालन', 'अरण्य' अशा स्थळांच्या पाट्या वाचतो त्यातल्या बऱ्याचशा 1709 मध्ये निकोलस रो या संपादकाने आणि त्याच्यानंतरच्यांनी घातल्या. हे माहीत असेल तर दिग्दर्शकाला कळतं की प्रत्येक प्रवेशाला ब्लॅकआऊट करून सेट बदलत बसायची काही गरज नाही, ते नाटक वाहतं ठेवायलाच लिहिलंय. नसेल माहीत तर तो पंधरा ब्लॅकआऊट घेतो आणि मग म्हणतो शेक्सपिअर आज रेंगाळतो.

दुसरा मुद्दा असा मांडतात की लोककलावंतांनी कुठे पुस्तकं वाचली होती, तरी त्यांनी रात्र रात्र माणसं बसवून ठेवली. बरोबर आहे, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्याकडे संज्ञा नव्हत्या हे कुणी सांगितलं? तमाशातल्या कुठल्याही कलावंताला विचारा, गण कधी, गवळण कधी, बतावणी कुठे, वग कुठून सुरू, सोंगाड्याने कुठे घुसायचं आणि कुठे मागे सरायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. लिहिलेली संहिता नसताना दहा-पंधरा माणसं एकमेकांचं बोलणं उचलत खेळ रंगवतात ते याच्याच जोरावर. खरं तर संहिता जितकी कमी तितकी नावांची गरज जास्त, कारण ऐन खेळात कुणी कुणाला लांबलचक समजावत बसू शकत नाही, एका शब्दात कळायला पाहिजे. म्हणजे लोककलेचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाहीच, ते माझ्या बाजूचं आहे. क्रिकेट बघणारा गुगली, स्लिप, यॉर्कर हे शब्द वर्गात बसून शिकत नाही आणि ते माहीत असल्यामुळे त्याचा आनंद कमी झाल्याची तक्रारही कुणी ऐकलेली नाही, मग नाटकाच्याच बाबतीत शब्द आले की अनुभव मेला असं का वाटावं?

तिसरा मुद्दा जास्त बारीक आहे आणि मला तो बराच पटतो. संज्ञा तटस्थ नसतात, एका प्रदेशाच्या, एका काळाच्या नाटकातून आलेल्या असतात आणि सगळीकडे लावल्या की दुसऱ्यांचं नाटक वाकडं दिसायला लागतं. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये नाटकाचा तो प्रसिद्ध पिरॅमिड मांडला, प्रारंभ, चढण, शिखर, उतरण, आणि शेवटी विनाश. त्याच्यासमोर मुख्यतः ग्रीक शोकांतिका, शेक्सपिअर आणि जर्मन नाटकं होती, त्यांच्यासाठी तो बऱ्यापैकी चालतो. आज तोच पिरॅमिड एकांकिकेपासून वेबसिरीजपर्यंत सगळ्यावर दाबून बसवतात, आणि संघर्ष नाही म्हणजे नाटक नाही असं ठोकून देतात. भारतीय परंपरेत कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्यात, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. दोन्हीकडे आकडा पाचच, पण नजर केवढी वेगळी! फ्रायटाग विचारतो माणूस चढला कुठवर आणि पडला कसा. भारतीय शास्त्र विचारतं माणसाला जे हवंय ते मिळण्याची आशा कधी दिसली, मधे ती कशी डळमळली, खात्री कधी झाली, फळ कधी हाती आलं. शाकुंतलाला पिरॅमिड लावाल तर पाचव्या अंकात शिखर धरावं लागेल आणि उरलेले दोन अंक लांबण वाटायला लागतील. पाच अवस्था लावा, मग सातव्या अंकात सिंहाच्या बछड्याशी खेळणारा मुलगा बापाला भेटतो तिथे नाटक कुठे पोचलंय ते नीट दिसतं. तर हा धोका खरा आहे. पण यावर इलाज काय? एकाच मापाने सगळं मोजताय म्हणून बिघडलं, तर दुसरं मापही हातात घ्या. सगळीच मापं फेकून दिलीत तर ज्या मापाची सवय अंगात मुरलीये तेच नकळत चालू राहणार, आणि आज ते पिरॅमिडचंच आहे.

आधुनिक नाटकाने सगळी चौकट मोडली, आता कसले घटक, असंही म्हणतात. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नेहमीचं उदाहरण, 1953 मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं. यात कथानक नाही म्हणे. पण दोन्ही अंकांचा शेवट आठवा. गोदोची वाट बघत बसलेले दोघंही निघायचं ठरवतात, तसं बोलतात, आणि खाली रंगसूचना आहे की ते हलत नाहीत. अख्खं नाटक त्या संवाद आणि रंगसूचनेच्या फटीत बसलंय. संवाद म्हणजे काय आणि रंगसूचना म्हणजे काय, एक कानाला आणि दुसरी डोळ्याला, हे वेगळं ओळखता येत नसेल तर ती फट दिसणारच नाही. आणि तो शेवट दोनदा येतो म्हणून तो झोंबतो, म्हणजे दोन अंक असणं हेही इथे बोलतंय. चौथ्या भिंतीचं तसंच. दिदरो या फ्रेंच लेखकाने 1758 मध्ये लिहिलं की नटाने आणि लेखकाने प्रेक्षक आहेतच कुठे असं समजून, मधे भिंत आहे असं धरून काम करावं, पुढे वास्तववादी नाटकाने ती कल्पना पक्की केली, आणि ब्रेख्त या जर्मन नाटककाराने ती मुद्दाम पाडली. पाडायला आधी भिंत लागते. आणि आपल्याकडे तर सूत्रधार सरळ प्रेक्षकांशी बोलायचा, म्हणजे भिंत बांधलीच नव्हती, ती मागाहून आली. म्हणून 1972 साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच रांग पडद्यासारखी उभी राहिली, ती उघडली-मिटली आणि सूत्रधार परत लोकांशी बोलायला लागला, तेव्हा ते नुसतं पाश्चात्त्य प्रयोगाचं अनुकरण होतं का? भिंत कुठे होती, कुठे नव्हती हे माहीत नसेल तर या प्रश्नावर बोलताच येणार नाही.

आता अनुभवाचा मुद्दा, जो सगळ्यात मनापासून मांडला जातो. नाटक बघून गळा दाटून आला, बस, अजून काय हवं? खरंय, तो दाटलेला गळा आधी, शब्द नंतर. जो माणूस नाटक चालू असताना मनात घटक मोजत बसलाय तो मला पण नकोय. पण प्रयोग संपल्यावर काय? तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', 1967 चं. खेळ म्हणून सुरू केलेला खटला नायिकेवर, बेणारेवर, उलटतो, सगळे मिळून तिला उघडं पाडतात, आणि शेवटी तिला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची सगळी पात्रं जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलत राहते, कितीतरी वेळ, आयुष्यभराचं सगळं. मग वेळ संपते, कोर्ट पुढे चालू होतं, कारण त्यांच्या लेखी ती काहीच बोललेली नाही. स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशी बोलणं आणि ते फक्त प्रेक्षकाने ऐकणं, हा हजारो वर्षांचा संकेत, आपण तो सोय म्हणून सहज मान्य करत आलोय. तेंडुलकरांनी त्या सोयीलाच आरोपाचं रूप दिलं. तिचं कुणी ऐकत नाहीये हे सांगायला त्यांनी तोच प्रकार निवडला जो मुळातच दुसऱ्या पात्रांना ऐकू येत नाही. हे लक्षात आल्यावर माझा तरी गळा कमी दाटला नाही, उलट पुढच्या वेळी जास्त दाटला, कारण आता कळलं की आपणही तिथे बसून ऐकतोय आणि काही करू शकत नाही.

या शब्दांवाचून आपल्याकडे काय उरलंय ते बघायचं असेल तर नाटकांवरचे अभिप्राय वाचा. अभिनय अप्रतिम, सेट भारी, लाइट्स कमाल, नक्की बघा. अभिनय अप्रतिम म्हणजे काय अप्रतिम? भरताच्या परंपरेने अभिनयाचे चार भाग सांगितलेत, अंगाने केलेला आंगिक, वाणीने केलेला वाचिक, वेश-रंगभूषा वगैरेंचा आहार्य, आणि आतून येणारा सात्त्विक, ज्यात आवाज फुटणं, घाम, थरथर, अश्रू हे येतं. एवढी चार नावं हाताशी असली तरी प्रेक्षक सांगू शकतो की या नटाचं वाचिक पक्कं आहे पण शरीर काहीच बोलत नाही, किंवा वेशभूषेने इतकं सांगून टाकलं की नटाला काम उरलं नाही. नटाला यातून काहीतरी मिळतं. 'अप्रतिम'मधून त्याला काय मिळतं? आणि भरताच्याच नाट्यशास्त्रात नाट्यगृह फार मोठं नको असं बजावलंय, कारण मोठ्या गृहात आवाज फाटतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. ज्यांना वाटतं शास्त्र म्हणजे कोरडी पंडिती त्यांनी हे वाचावं, शेवटच्या रांगेतल्या माणसाची काळजी केलेली आहे त्यात. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा घटकांत दृश्याला काव्यकलेच्या दृष्टीने सगळ्यात कमी महत्त्वाचं ठरवलं, तिथे मला भरताची परंपरा जास्त रंगमंचाजवळची वाटते.

मग शिकवायचं कसं? आधी अडचण द्या. वर्गात दोन जणांना उभं करा आणि सांगा, तुमच्यातला एक जण दुसऱ्याचे पैसे चोरून आलाय, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे पण समोरच्याला कळता कामा नये, करून दाखवा. कुणी प्रेक्षकांकडे वळून बोलेल, कुणी हाताने तोंड आडवं धरून कुजबुजेल, कुणी खिशातलं पाकीट नुसतं चाचपेल, कुणी तिसरं पात्र आत आणेल. ते करून झालं की सांगा, तू जे केलंस त्याला स्वगत म्हणतात, आणि तू जे हात आडवा धरून केलंस त्याच्या जवळचं संस्कृत नाटकात एक पात्र दुसऱ्याशी, तिसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तीन बोटं वर करून बोलायचं, त्याला जनांतिक म्हणायचे, आणि पाकीट चाचपणारा तू, तुझ्या त्या हालचालीला लेखक रंगसूचनेत लिहितो. परीक्षेत 'स्वगत म्हणजे काय' हे विचारणं बंद करा. एक प्रवेश छापून द्या आणि विचारा की यातलं स्वगत काढून टाकलं तर प्रेक्षकाला काय कळायचं राहील आणि ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळवता येईल. याचं उत्तर गाईडमधून पाठ करता येत नाही, आणि ज्याने स्वगताची व्याख्या कधीच ऐकली नाही त्यालाही ते येणार नाही.